प्रेंटिसच्या हातून

"ही भिंत पाडा," नदीन म्हणाली.

लॉयड प्रेंटिसनं डोक्यावरचं हेल्मेट मागं सरकवलं आणि भिंतीकडं पाहिलं. ती कालच उभी राहिली होती. सांध्यांत भरलेली पुट्टी अजून ओली होती.

"पाडा म्हणजे?"

"म्हणजे पाडा. नकाशात ती आणखी मागं आहे."

"मॅडम, वीतभराचा फरक आहे. मागून पाइप येतोय म्हणून जरा पुढं घेतली. वीतभरानं कुणाचं काय अडणार आहे?"

जमिनीवर खडूनं एक चौकोन आखला होता. तिथं शेगडी बसणार होती. नदीननं तिकडं बोट दाखवलं. "तिथं उभे राहा. स्वयंपाक करताय असं समजा."

"मी? माझ्या बायकोनं मला जन्मात कधी शेगडीजवळ फिरकू दिलं नाही." पण तो जाऊन उभा राहिला. दोन कामगार हातातलं काम सोडून बघायला लागले.

"आता मान न वळवता सांगा, खोलीचं दार दिसतं का?"

"नाही."

"म्हणून पाडा."

प्रेंटिस हसला. सत्तरी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा माणूस. तो हसला की आजूबाजूचे सगळे हसत. "चला रे, घण आणा! बाईसाहेबांना सूप ढवळता ढवळता दार बघायचंय. माझी सासूसुद्धा इतकी खाष्ट नव्हती."

कामगार हसले. नदीन हसली नाही. पहिला घाव बसेपर्यंत ती तिथून हलली नाही. पांढरी धूळ उडून प्रेंटिसच्या बुटांवर बसली, त्यानं एकेक पाय उचलून झटकला, आणि नदीनच्या छातीत कित्येक वर्षं आवळून बसलेलं काहीतरी थोडंसं सैल झालं. तिला ते फार आवडलं. आणखी हवं, असं वाटलं.

अमेरिकेत, सरोवराकाठच्या ईरी शहराच्या पूर्वेला, बंद पडलेल्या एका बेकरीच्या जागेवर ही तीन मजली इमारत उठत होती. आईबापांपासून काढून सरकारनं दुसऱ्यांच्या घरी सांभाळायला दिलेली मुलं अठराची झाली की त्या घरांची जबाबदारी संपते. बहुतेकांना त्याच आठवड्यात बाहेर पडावं लागतं. अशा मुलांना दोन-तीन वर्षं हक्कानं राहता यावं, भाडं परवडेल तेवढंच द्यावं, अडलं-नडलं तर खाली विचारायला कुणीतरी असावं, म्हणून एका चर्चच्या मंडळींनी संस्था काढली होती. नकाशे काढायचं काम आर्किटेक्ट नदीन सोबचॅक जिथं नोकरीला होती त्या कार्यालयाकडं आलं आणि तिनं त्याला दुसऱ्या कुणालाही हात लावू दिला नाही.

काढायला बसण्याआधी तिनं दहा-बारा मुलांना बोलावलं होतं. पिझ्झा मागवला, कोरे कागद ठेवले आणि म्हणाली, "तुम्हाला कसं घर हवंय ते सांगा."

"पोहण्याचा तलाव," एकजण म्हणाला.

"गच्चीवर हेलिकॉप्टर," दुसरा म्हणाला.

बराच वेळ हाच पोरकटपणा चालला. मग कोपऱ्यात बसलेली ब्रीना नावाची मुलगी पिझ्झ्याच्या कडा सोलत म्हणाली, "स्वयंपाक करताना माझी पाठ दाराकडं नको."

कुणीही का म्हणून विचारलं नाही.

"मला एकदम शांत खोली नको," हेलिकॉप्टरवाला म्हणाला. "सात-सात पोरांत झोपलोय मी. शांत असलं की मला वाटतं सगळे मला सोडून गेले."

"आणि गेल्यावर परत येता यायला पाहिजे," ब्रीना म्हणाली. "म्हणजे बघा मिस नदीन, तुमची नोकरी गेली, तर तुम्ही कुठं जाल?"

"बहिणीकडं वगैरे," नदीन म्हणाली. ते खोटं होतं. तिला बहीण नव्हती.

"तेच. तर तसली एक खोली. निघून गेलेल्यांसाठी."

नदीननं ते सगळं काढलं. शेगडी अशी, की उभं राहिलं तर दार समोर दिसेल. दाराशेजारी व्हरांड्याकडं उघडणारी छोटी खिडकी, ज्याला माणसांचा आवाज हवा त्यानं ती उघडी ठेवावी. तळमजल्यावर निघून गेलेल्यांसाठी एक खोली. रस्त्याकडच्या खिडक्या मात्र तिनं स्वतःच्या हौसेनं काढल्या, उंच आणि रुंद, एका ओळीत. त्यांच्यासाठी ती संस्थेच्या अध्यक्षांशी, मिसेस उलरिकांशी, तीनदा भांडली होती.

मग निविदा उघडल्या आणि सगळ्यांत कमी बोली लॉयड प्रेंटिसची निघाली. नदीन त्या बैठकीला हजर होती. ती पेल्यातलं घोटभर पाणी प्याली आणि त्या नावाला तिनं हरकत घेतली नाही.

कारण तिला एकदम दिसलं की हे घर याच माणसाच्या हातून बांधून घेता येईल.

नदीन सोबचॅक लहानपणी नदीन फ्राय होती. नवरा नंतर आला आणि गेला, आडनाव राहिलं. अकराव्या वर्षी सरकारनं तिला प्रेंटिसच्या घरी सांभाळायला ठेवलं. तिथं तिच्यासारखी आणखी तिघं-चौघं नेहमी असत. घर मोठं होतं. मारहाण नव्हती. तपासणीला बाई यायची तेव्हा टेबलावर फळं असत. बाकीच्या दिवशी फ्रीजला साखळी असे. संध्याकाळच्या जेवणानंतर मुलांना वरच्या खोल्यांत पाठवून बाहेरून कडी लागे. शनिवारी मुलं प्रेंटिसच्या बांधकामांवर विटा वाहत. प्रेंटिस म्हणे, "काम शिकताय, उपकार समजा."

त्या घरात नदीनला एकच माणूस होता, वेंडेल. तिच्याहून वर्षानं मोठा, तोतरा, दात पुढं आलेला. विटा वाहून तिचे हात सोलवटले की तो आपले हातमोजे तिला देई आणि म्हणे, "माझे हात म-म-मेलेलेच आहेत." जानेवारीत तो अठराचा झाला. वाढदिवसाच्या सकाळी त्याच्या वस्तू कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भरून ओसरीवर ठेवलेल्या होत्या. मिसेस प्रेंटिसनं त्याला केकचा तुकडा कागदात बांधून दिला. वेंडेलनं एक खटारा गाडी मिळवली आणि बोलिंगच्या क्लबामागं ती उभी करून तो तिच्यात राहू लागला. बर्फ वाढला तेव्हा नदीन प्रेंटिससमोर उभी राहिली.

"मिस्टर पी, वेंडेलला तळघरात झोपू द्या ना. एक रात्र."

"तो आता या घराचा नाही," प्रेंटिस पेपरातून डोकं न काढता म्हणाला.

त्याच आठवड्यात सरोवरावरून मोठं वादळ आलं. ऊब राहावी म्हणून वेंडेलनं इंजिन चालू ठेवलं असणार. मागच्या सायलेन्सरच्या नळीवर बर्फ साचला आणि धूर आत भरला. सकाळी बर्फ काढणाऱ्या माणसाला तो सापडला.

कायद्यानं प्रेंटिसचं काहीही चुकलं नव्हतं. नदीननं मोठी झाल्यावर एका वकिलाला विचारलं होतं. वकील म्हणाला, "दुष्टपणाला कलम नाही, मॅडम."

आणि आता तोच माणूस रोज सकाळी तिला "गुड मॉर्निंग, मॅडम" म्हणत होता. त्यानं तिला ओळखलं नव्हतं.

पहिली भिंत खरंच चुकीची होती. दुसऱ्या मजल्यावरच्या दारांच्या चौकटी तिनं काढायला लावल्या, त्या अर्ध्या चुकीच्या होत्या. न्हाणीघरातल्या फरश्यांचा रंग जरा फिका होता; दुसऱ्या कुठल्याही कामावर तिनं तो चालवून घेतला असता. तिनं सगळ्या फरश्या उखडायला लावल्या. प्रेंटिस वाकून एक फुटकी फरशी उचलून बघत होता तेव्हा ती मुद्दाम त्याच्या मागं उभी राहिली. त्याच्या मानेवर घाम आला होता. नदीनला वाटलं, वाहा विटा. काम शिकताय, उपकार समजा.

हेलिकॉप्टरवाला आता मजुरांत कामाला लागला होता. तोही हसून म्हणायचा, "मिस नदीन आल्या रे, काहीतरी फुटणार!"

प्रेंटिसची मुलगी गेल कंपनीचं सगळं बघायची. तिशीतली, कायम थकलेली बाई. ऑक्टोबरच्या शेवटी ती नदीनच्या गाडीशी आली. नदीन त्या घरात होती तेव्हा गेल लहान पोर होती, जिन्यात बसून बाहुलीचे केस विंचरणारी.

"मिसेस सोबचॅक, मी भांडायला नाही आले. फक्त विचारते. बाबांचं काही चुकलंय का? म्हणजे, कामाशिवाय?"

"का?"

"तुम्ही त्यांच्याकडं ज्या नजरेनं बघता ना..." गेलनं वाक्य सोडून दिलं. "गाशा गुंडाळायची वेळ आणलीत तुम्ही आमच्यावर. नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगपर्यंत इमारत होणार नाही आता."

"मग होऊ नका देऊ," नदीन म्हणाली आणि काच वर केली.

घरी जाताना ती गाडीत मोठ्यानं गात होती.

नोव्हेंबरच्या मध्यावर पहिला जोरदार बर्फ पडला. त्या दिवशी ती मधल्या जिन्याचा निकाल लावायला आली होती. पायऱ्यांची उंची कुठं कुठं किंचित कमी-जास्त होती. आख्खा जिना काढा, असं सांगायचं तिनं येतानाच ठरवलं होतं. फाटकाशी ब्रीना उभी होती. पाठीवर मोठी सॅक, पायांत कॅनव्हासचे बूट, तेही ओले.

"मिस नदीन, थँक्सगिव्हिंगला चावी मिळणार होती ना?"

"काम जरा लांबलंय गं. दुरुस्त्या निघाल्या."

"कसल्या?"

नदीननं फाटकातून आत पाहिलं. "फरश्या," ती म्हणाली.

"फरश्या," ब्रीनानं तिच्याकडं पाहिलं. "मी मैत्रिणीच्या भावाकडं सोफ्यावर होते. परवा रात्री तो सोफ्यावर येऊन बसला. म्हणून निघाले. दोन दिवस नाणी टाकून कपडे धुवायच्या लाँड्रीत बसून काढते. तिथं ऊब असते, आणि मशीन चालू असलं की कुणी उठवत नाही. एक मोजा टाकून फिरवत बसते."

"माझ्या घरी चल," नदीन म्हणाली. "आत्ता. मोकळी खोली आहे."

ब्रीनानं मान हलवली. उद्धटपणा नव्हता त्यात. "नको. तुम्ही चांगल्या आहात, पण नऊ घरं झालीत माझी. सगळी कुणाची तरी. मला आता कुणाच्या घरी राहायचं नाही. मला माझ्या घरी राहायचंय. फरश्या कशाही असूद्यात."

ती सॅक सावरत बसच्या थांब्याकडं गेली. नदीन बर्फात उभी राहिली. जी शिक्षा ती प्रेंटिसला देत होती ती भोगत कोण होतं, हे इतक्या साध्या शब्दांत तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं मिसेस उलरिकांना फोन लावला आणि चर्चच्या तळघरात इमारत होईपर्यंत खाटा टाकायला लावल्या. त्यांनी का-कू केली तेव्हा नदीन त्यांच्यावर ओरडली. खाटा संध्याकाळी लागल्या.

मग ती आत गेली. प्रेंटिस जिन्याच्या पायथ्याशी डबा उघडून बसला होता. तिला बघून त्यानं सँडविच खाली ठेवलं.

"बोला. काय फोडायचं आज?"

"काही नाही. जिना राहू द्या. इथून पुढं काहीच फोडायचं नाही. महिन्याभरात मला इमारत पुरी करून द्या."

"देवा, बाई हसली नाही पण माणसात आली!" तो खूश होऊन सरकला, तिला बसायला जागा केली. नदीन उभीच राहिली. "खरं सांगू का मॅडम? तुम्ही या पोरांचे फार लाड करताय. मला विचारा. मी सांभाळलीत असली पोरं. मी आणि माझ्या बायकोनं, ती असताना. वीस-बावीस तरी असतील."

"हो?"

"खायला-प्यायला घातलं, हाताला काम लावलं. आणि पुढं? एक कार्टं कधी परत भेटायला आलं नाही. ख्रिसमसचं साधं कार्ड नाही. बायको गेली तेव्हासुद्धा कुणी नाही. रक्तातच नसतं त्यांच्या."

"मी आलेय," नदीन म्हणाली.

"काय?"

"मी तुमच्याच घरात वाढले. अकरा ते अठरा. वरच्या मजल्यावर, मागची खोली."

प्रेंटिसनं तिच्याकडं निरखून पाहिलं. घाबरलेला नव्हता तो. लाज तर नव्हतीच. बाजारात जुना ओळखीचा भेटावा आणि नाव आठवू नये, तसा त्याचा चेहरा झाला.

"त्यातली तू कुठली?" त्यानं विचारलं.

ती वर्षानुवर्षं या क्षणाची तालीम करत आली होती. त्या तालमीत तो रडायचा, नाहीतर चिडायचा. हे वाक्य कधीच नव्हतं.

"वेंडेल आठवतो?" तिनं विचारलं.

"वेंडेल... वेंडेल. हां! लाल केसांचा ना? हत्यारं चोरायचा."

"नाही," नदीन म्हणाली. "लाल केसांचा नव्हता तो."

ती तिथून निघाली ती थेट गाडीत येऊन बसली.

प्रेंटिसनं महिन्याच्या आत काम पुरं केलं. पण आणखीही एक केलं. दुसऱ्याच दिवशी तो मिसेस उलरिकांकडं गेला. आठवड्यानं त्यांचा नदीनला फोन आला, आवाजात नुसता आनंद.

"नदीन, तू बोलली नाहीस कधी! तू मिस्टर प्रेंटिसच्या घरी वाढलीस म्हणे. किती सुंदर गोष्ट आहे! त्यांनी तळमजल्यावरचं मोठं स्वयंपाकघर संस्थेला भेट म्हणून बांधून द्यायचं ठरवलंय. वर त्यांचं आणि त्यांच्या पत्नीचं नाव लावू. उद्घाटनाला ते बोलतील, मग तू दोन शब्द बोल. पेपरवाले येणार आहेत. सांभाळणाराही इथं, सांभाळलेलीही इथं!"

"कल्पना कुणाची?" नदीननं विचारलं.

"त्यांचीच. ते म्हणाले, माझी पोर आज आर्किटेक्ट झाली."

माझी पोर. नदीननं फोन ठेवला. भिंती पाडताना आलेला राग गरम होता, गाणी म्हणायला लावणारा. हा थंड होता. तिनं दोन दिवस फोनाफोनी करून प्रेंटिसच्या घरात तिच्याबरोबर वाढलेली दोघं शोधली. कर्टिस बफेलो शहरात ट्रक चालवत होता. लोटी इथंच, शहराच्या दुसऱ्या टोकाला केस कापायचं दुकान चालवत होती. दोघांना तिनं एकच प्रश्न विचारला, "त्याच्या तोंडासमोर उभं राहशील?"

कर्टिस म्हणाला, "तारीख सांग."

लोटीनं तारीख लिहून घेतली. मग म्हणाली, "काय घालून येऊ?"

उद्घाटन जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारी झालं. मोठ्या स्वयंपाकघरात खुर्च्या मांडल्या होत्या. भाजलेल्या मांसाची सँडविचं, पेपरोनी भरलेले पावाचे गोळे, मोठा पांढरा केक. मुलं भिंतीला टेकून उभी होती, हातात नव्या चाव्या. पडद्याआड पितळी पाटी होती. प्रेंटिस कोट घालून आला होता, आणि तो बोललाही छान.

"मी आणि माझी डोरिस, आम्ही घराचं दार कधी कुणाला बंद केलं नाही," तो म्हणाला. काही बायकांनी डोळे पुसले. "आणि आज माझ्या एका पोरीनं ही इमारत काढली आणि मी बांधली. ये बेटा, नदीन."

टाळ्या पडल्या. नदीन उठली. मागच्या ओळीतून कर्टिस आणि लोटी उठले. तिघं येऊन प्रेंटिससमोर उभी राहिली. कर्टिस दाराएवढा उंच. लोटीनं निळा झगा घातला होता.

"मिस्टर पी," नदीन म्हणाली, "ही दोघंही तुमचीच पोरं. कितीतरी वर्षं तुमच्या घरात होती. तेवढी नावं सांगा त्यांची."

प्रेंटिस हसला. या वेळी कुणी हसलं नाही.

"अरे, किती मोठे झालात... आता माझं वय..."

"यानं तुमच्या दोन इमारतींच्या विटा वाहिल्या. हिनं रोज तुमचा जिना पुसला. पाटी लागायच्या आत नावं सांगा. दोनच आहेत."

"नदीन, प्लीज," मिसेस उलरिक पुटपुटल्या.

प्रेंटिसनं इकडं तिकडं पाहिलं. शेवटी त्यानं मागं उभ्या असलेल्या गेलकडं पाहिलं. आयुष्यभर विसरलेलं सगळं तिनंच आठवून दिलं असणार, अशी सवयीची नजर होती ती.

गेल पुढं आली.

"कर्टिस," ती म्हणाली. "आणि शार्लट. सगळे लोटी म्हणायचे."

"हां! तेच, कर्टिस आणि..."

"आणि वेंडेल," गेल थांबली नाही. "तो आला होता बाबा. वादळाच्या त्या संध्याकाळी. मागचं दार वाजवत होता. मला नाव घेऊन हाका मारत होता, तोतरा होता ना, ग-ग-गेल म्हणून. मी उठले, तर तुम्ही म्हणालात, बस खाली, रेडिओ मोठा कर. मी केला. मी नऊ वर्षांची होते."

कुणाचा तरी चमचा खाली पडला.

नदीनला हे माहीत नव्हतं. तिला त्या संध्याकाळची वरची खोली आठवली, बाहेरून लागलेली कडी आणि खालून येणारं नाचाचं गाणं. त्या घरात रेडिओ इतका मोठा कधीच लागत नसे. तिला ते गाणं आवडलं होतं. पलंगावर बसून तिनं पायानं ठेका धरला होता.

तिनं प्रेंटिससाठी आणखी वाक्यं तयार ठेवली होती. एकही आठवेना.

"ते वेगळे दिवस होते," प्रेंटिस म्हणाला, कुणाकडंच न बघता. मग त्यानं खुर्चीवरची टोपी उचलली आणि खुर्च्यांच्या मधून निघाला. कुणी त्याला अडवलं नाही, कुणी बाजूलाही झालं नाही. त्याला प्रत्येकाच्या गुडघ्यांना ओलांडत जावं लागलं. हे मात्र नदीननं शेवटपर्यंत पाहिलं. त्यात तिला जे सुख झालं ते तिनं पुढं कधी नाकारलं नाही.

लोटी रडत होती. कर्टिसनं तिच्या खांद्यावर पंजा ठेवला होता. मिसेस उलरिक नदीनजवळ आल्या, रागानं लाल.

"आजचा दिवस या मुलांचा होता. तुझा नव्हता."

"खरंय," नदीन म्हणाली. आणि ते खरंच होतं.

भिंतीकडून ब्रीनाचा आवाज आला, "केक कापायचाय की तो पण रद्द?"

केक कापला. पाटी पडद्याआडून तशीच निघाली आणि तिचं पुढं काय झालं कुणी विचारलं नाही. पेपरात इमारतीचा फोटो आला, खाली ना प्रेंटिसचं नाव होतं ना नदीनचं. दोन महिन्यांत नदीनच्या साहेबांनी तिला आत बोलावून दार लावलं. "तुझं कसब मोठं आहे. पण गिऱ्हाइकं बिचकतात गं. उद्या उद्घाटनाला हिनं आपल्याबद्दल काही काढलं तर?" आता ती दुसऱ्या एका छोट्या कार्यालयात गॅरेजं आणि औषधांची दुकानं काढते.

प्रेंटिस अजूनही रविवारी चर्चशेजारच्या हॉटेलात नाश्त्याला बसलेला दिसतो. काही लोक त्याला पूर्वीसारखाच हात करतात. काही करत नाहीत. तो एकटा बसतो. गेल दुसरीकडं राहायला गेली. इमारतीत हीटर बिघडला की ती स्वतः येते, दुरुस्त करते, कॉफीसुद्धा न घेता जाते. ती आणि नदीन एकदाही त्यावर बोलल्या नाहीत. कर्टिस आणि लोटी मात्र अधूनमधून फोन करतात, मुलाच्या दातांबद्दल, ट्रकच्या टायरबद्दल.

वेंडेलबद्दलचा तो राग संपला का, असं लोटीनं तिला एकदा विचारलं. नदीन म्हणाली, "नाही. पण आता त्यात ते गाणंही येतं."

परवा ती एका गॅरेजचं माप घेऊन परतत होती. इमारतीच्या समोरच्या सिग्नलला गाडी थांबली. कडाक्याची थंडी होती, खिडक्यांत दिवे लागले होते. तिनं भांडून मिळवलेल्या त्या उंच खिडक्यांची सरळ ओळ रस्त्यावरून जशी दिसावी असं तिनं ठरवलं होतं, तशी दिसत होती. फक्त दुसऱ्या मजल्यावर एकीनं खिडकी अर्धी वर करून जीन्सची ओली पँट बाहेर वाळत घातली होती. ती गोठून ताठ झाली होती आणि वाऱ्यानं भिंतीवर आपटत होती. शेजारच्या खिडकीत टॉवेल, त्याच्या पलीकडं मोजे.

दर्शनी भागाची पार वाट लावली होती कार्ट्यांनी.

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीनं भोंगा वाजवला. नदीननं मान आणखी जरा वाकवून तिसरा मजलाही बघून घेतला, आणि मग गाडी पुढं काढली.